चार्ट-डॅशबोर्ड करणारा डेव्हलपर कसा नेमावा: बेळगाव भागातल्या कारखान्यांसाठी आणि संस्थांसाठी

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली फाउंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) असो, निपाणीतली तंबाखूची वखार असो, खानापुरातली पतसंस्था असो किंवा अथणी-चिकोडी पट्ट्यातला साखर कारखाना, आकड्यांचा तुटवडा कुठेच नाही. वह्या आहेत, एक्सेलच्या शीट आहेत, टॅलीतले अहवाल आहेत. अडतं ते पुढे. या आकड्यांकडे बघून उद्या सकाळी कोणी काय करायचं, हे पटकन कळत नाही. मग मालक किंवा सचिव 'एक डॅशबोर्ड (सगळे महत्त्वाचे आकडे चार्टमध्ये एकत्र दाखवणारा पडदा) करून घेऊ' असं ठरवतात आणि ओळखीतल्या एखाद्या वेबसाइट करणाऱ्याला काम देतात. काही महिन्यांनी रंगीत चकत्यांनी भरलेलं एक पान तयार होतं, आणि पंधरवड्यात ते उघडणं बंद होतं.

आकडे डोळ्यांना कळतील असे मांडणं, म्हणजे डेटा व्हिज्युअलायझेशन, हे वेगळं कौशल्य आहे. वेबसाइट उत्तम करणाऱ्याला ते येतंच असं नाही. माणूस निवडताना त्याच्या जुन्या कामातले देखणे चार्ट बघा, पण जास्त वजन एका गोष्टीला द्या: तुमचा स्वतःचा विस्कळीत डेटा हातात पडल्यावर तो काय प्रश्न विचारतो. खालच्या सगळ्या पायऱ्या याच कसोटीभोवती आहेत.

पहिली पायरी: डेव्हलपर खरंच लागतोय का?

महिन्यातून एकदा संचालक मंडळापुढे चार-पाच चार्ट ठेवायचे, एवढंच काम असेल तर डेव्हलपर नेमू नका. गुगलचं लुकर स्टुडिओ फुकट आहे आणि गुगल शीटला थेट जोडता येतं. मायक्रोसॉफ्टचं पॉवर बीआय डेस्कटॉप एका कॉम्प्युटरवर फुकट चालतं. तोच अहवाल इतरांना लॉगिनसह दाखवायचा झाला की माणशी परवाना घ्यावा लागतो. ऑफिसातल्या एक्सेल चांगलं येणाऱ्या मुलाला किंवा मुलीला महिनाभर शिकायला वेळ दिलात तर हे काम घरच्या घरी होतं.

पॉवर बीआय वापरणार असाल तर एक धोका आधीच माहीत असू द्या. त्यात 'पब्लिश टू वेब' नावाची सोय आहे. ती वापरली की अहवाल सार्वजनिक होतो. ज्याच्या हाती लिंक पडेल त्याला तो लॉगिनशिवाय दिसतो. परवान्याचे पैसे वाचवायला कोणी ही युक्ती सुचवली तर ठाम नाही म्हणा. पतसंस्थेच्या थकबाकीदारांची नावं अशी उघड्यावर पडणं परवडणारं नाही.

बाहेरचा डेव्हलपर लागतो तो अशा वेळी: चार्ट तुमच्याच ॲपमध्ये ग्राहकाला किंवा सभासदाला दिसायला हवेत, मशीन, वजनकाटा आणि टॅली अशा तीन ठिकाणचे आकडे रोज आपोआप एकत्र यायला हवेत, एकच पडदा मराठी, कन्नड आणि इंग्रजीत दिसायला हवा, किंवा नकाशावरच्या गावावर बोट ठेवलं की त्या गावाचा तपशील उघडायला हवा. यातलं एकही लागू नसेल तर पैसे राखून ठेवा.

दुसरी पायरी: एका पानाचा कागद

डेव्हलपरला फोन करण्याआधी एक पान लिहा. त्यात 'आधुनिक, आकर्षक डॅशबोर्ड' असे शब्द नकोत. कोण बघणार, कुठे बघणार, बघून काय ठरवणार, एवढंच लिहायचं. नमुना असा:

काम: उद्यमबागेतली ग्रे आयर्न फाउंड्री, दोन शिफ्ट.
बघणार कोण: मोल्डिंगचे सुपरवायझर, रोज सकाळी, मोबाइलवर. मालक, शनिवारी, लॅपटॉपवर.
सुपरवायझरने ठरवायचं: काल कुठल्या पॅटर्नचं (साच्याच्या नमुन्याचं) रिजेक्शन (नापास नग) नेहमीपेक्षा जास्त झालं, आज तिथे वाळू तपासायची की धातूचं तापमान.
मालकाने ठरवायचं: कुठल्या पार्टवर पुढच्या महिन्यात पैसा खर्च करायचा.
आकडे कुठे आहेत: हीट रजिस्टर (भट्टीच्या प्रत्येक ओतीच्या नोंदींची वही), रिजेक्शनची एक्सेल शीट, डिस्पॅचचं टॅली.
भाषा: सुपरवायझरसाठी मराठी आणि कन्नड, मालकासाठी इंग्रजी चालेल.
नको काय: ग्राहकांची नावं आणि दर मोबाइलवर दिसता कामा नयेत.

हे पान लिहिताना निम्म्या मागण्या आपोआप गळतात. 'बघून काय ठरवणार' या ओळीपुढे काही सुचलं नाही तर तो चार्ट यादीतून काढा. मी तरी पहिल्या टप्प्यात पाचापेक्षा जास्त चार्ट मागू देत नाही.

तिसरी पायरी: आपला डेटा आपण आधी बघायचा

आपल्या भागात कामाचा सगळ्यात मोठा वेळ इथे जातो, आणि कोटेशनमध्ये नेमकं हेच कमी धरलेलं असतं. म्हणून आपल्या डेटात काय-काय अडचणी आहेत हे तुम्हाला डेव्हलपरच्या आधी माहीत हवं.

नावांपासून सुरुवात करा. १ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटक सरकारने शहरांची इंग्रजी नावं बदलली. त्यामुळे जुन्या नोंदींत बेलगाम, बिजापूर, गुलबर्गा आणि नव्या नोंदींत बेळगावी, विजयपूर, कलबुर्गी अशी नावं सापडतात. कॉम्प्युटरला ही सहा वेगळी गावं वाटतात आणि एकाच ग्राहकाची विक्री दोन स्तंभांत फुटते. तालुक्यांचंही तसंच. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याचे १० तालुके आहेत आणि सौंदत्तीचा तालुका तिथे परसगड या नावाने सापडतो. तेव्हा चिकोडीत असलेलं निपाणी, अथणीतलं कागवाड, गोकाकातलं मुडलगी आता स्वतंत्र तालुके आहेत. जुने आकडे नव्या नकाशावर टाकले तर चिकोडीत एकदम घट झाल्यासारखं दिसेल, प्रत्यक्षात तालुक्याची हद्दच बदललेली असेल. चांगला डेव्हलपर 'हद्द कुठल्या वर्षाची धरायची?' हे नकाशा काढण्याआधी विचारतो.

दुसरी अडचण फॉन्टची. अनेक संस्थांच्या जुन्या फाइली श्रीलिपी किंवा नुडीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत (युनिकोड म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर अक्षरं सारखीच दिसावीत यासाठीची पद्धत). त्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडल्या की नावांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. अशा फाइली युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात, आणि बदलल्यानंतर गावांची-माणसांची नावं डोळ्यांखालून घालावी लागतात. हे काम डेव्हलपरचं नाही; मराठी आणि कन्नड दोन्ही वाचता येणाऱ्या ऑफिसातल्या माणसाचं आहे. त्याचा वेळ आधी धरा.

बाकीच्या गोष्टी झटपट तपासता येतात. तारखा दिवस-महिना क्रमाने आहेत की महिना-दिवस? मधेच 'एकूण' लिहिलेल्या ओळी आहेत का? रिकामा चौकोन म्हणजे शून्य, की त्या दिवशी नोंदच झाली नाही? हा शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी उत्पादन शून्य धरलं की रेषा दर आठवड्याला तळाला जाऊन वर येते आणि खरा उतार त्या दातांमध्ये हरवतो.

चौथी पायरी: कुठल्या प्रकारचा माणूस हवा

'चार्ट करणारा' या नावाखाली तीन वेगळी माणसं येतात. पॉवर बीआय, टॅब्लो किंवा मेटाबेसवर अहवाल बसवणारा ॲनालिस्ट हा पहिला. वेब पानावर जावास्क्रिप्टने हवा तसा चार्ट घडवणारा फ्रंट-एंड डेव्हलपर दुसरा. तिसरा वेगवेगळ्या ठिकाणचा डेटा गोळा करून स्वच्छ ठेवणारा, त्याला डेटा इंजिनिअर म्हणतात. लहान कामात एकच माणूस तिन्ही करतो, पण त्याचा हात कशात बसलेला आहे हे विचारून घ्या. वजनकाट्याचा आणि मशीनचा डेटा ओढायचा असेल तर फक्त सुंदर पडदे करणारा मध्येच अडकेल.

साधनांची नावं तुम्हाला पाठ असायची गरज नाही, तरी मुलाखतीत समोरच्याचं बोलणं कळण्यापुरती माहिती असावी. डी-थ्री ही चार्ट काढायची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, २०११ पासून आहे. तिच्यात जवळपास काहीही घडवता येतं, पण वेळ लागतो आणि मागून येणाऱ्याला तो कोड समजणं अवघड जातं. चार्ट-जेएस साध्या स्तंभ-रेषांना पुरते. अपाचे ई-चार्ट्स मोठ्या डेटाला आणि नकाशांना चांगली. या तिन्ही मुक्त परवान्याच्या, फुकट. हायचार्ट्स उत्तम आहे, मात्र धंद्यासाठी वापरायची तर परवाना विकत घ्यावा लागतो. 'कुठली लायब्ररी वापरणार आणि तिचा परवाना कुठला?' हे लेखी विचारा. न विचारल्यास तो खर्च नंतर तुमच्या गळ्यात पडतो. नकाशासाठी लीफलेट ही लायब्ररी आणि ओपनस्ट्रीटमॅप हा खुला नकाशा, हा स्वस्त आणि भरवशाचा मार्ग आहे. भारताची सीमा दाखवायची असेल तिथे मात्र सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणेच हवी, परदेशी फाइलमधली तशीच उचलायची नाही.

एक तांत्रिक प्रश्न जरूर विचारा: 'हा चार्ट एसव्हीजीत काढणार की कॅनव्हासवर, आणि का?' एसव्हीजीत चार्टचा प्रत्येक ठिपका पानावरची स्वतंत्र वस्तू असते. त्यावर बोट ठेवून तपशील उघडणं सोपं जातं, छापलं तरी रेषा फुटत नाहीत. ठिपके हजारोंच्या घरात गेले की पान जड होतं. तिथे कॅनव्हास बरा, कारण त्यात सगळा चार्ट एकच चित्र म्हणून रंगवला जातो. सीएनसी मशीनचे दर सेकंदाचे आकडे आणि पतसंस्थेच्या शाखांची तिमाही वसुली यांचं उत्तर एकच देणारा माणूस विचार करून बोलत नाही.

पाचवी पायरी: शोधायचं कुठे

विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचं मुख्यालयच आपल्या बेळगावात आहे, आणि गोगटे, केएलई, मराठा मंडळ अशी अभियांत्रिकी महाविद्यालयं गावातच. शेवटच्या वर्षाच्या मुलांना इंटर्नशिप हवी असते. एमसीएची मुलंही असतात. पण कच्च्या हाताला एकट्याला काम देऊ नका. मुलगा इथला घ्या, त्याच्या कामावर आठवड्यातून तासभर नजर टाकायला अनुभवी माणूस पुण्या-बेंगळुरातला ठेवा. या जोडीचा खर्च एका अनुभवी माणसाला पूर्णवेळ घेण्यापेक्षा कमी येतो, आणि काम संपल्यावर ते समजणारा कोणीतरी गावात उरतो.

पुण्या-बेंगळुरात नोकरी करून घरून काम करायला परतलेली बरीच मंडळी टिळकवाडी, शहापूर, वडगाव भागात आहेत. त्यांच्याकडून शिफारस घ्या. काम स्वतः घेतो म्हणाले तर आधी त्यांच्या नोकरीच्या करारात बाहेरचं काम चालतं का ते विचारा. सीमेपलीकडे गडहिंग्लज, कोल्हापूरही जवळच आहे. राज्याची हद्द मध्ये आल्याने फक्त जीएसटीची ओळ बदलते, त्याबद्दल पुढे.

अर्ज चाळताना संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्र शिकलेल्यांना वगळू नका. जावास्क्रिप्ट जेमतेम येणारी संख्याशास्त्राची पदवीधर मुलगी मी अहवालाच्या कामासाठी आधी घेईन, कारण टक्केवारी कशाची काढायची हे तिला शिकवावं लागत नाही. कोड लिहिणं त्या मानाने लवकर येतं.

सहावी पायरी: जुनं काम बघताना

पोर्टफोलिओतला एकच चार्ट निवडा आणि त्यावर पंधरा मिनिटं बोला. हा कोणासाठी होता? त्यांनी तो बघून काय केलं? आधी कसा होता आणि काय बदललं? खरं काम केलेला माणूस इथे खुलतो. गिऱ्हाइकाने काय मागितलं होतं, शेवटी काय लागलं, कुठला चार्ट काढून टाकला, हे सांगू लागतो.

तुम्ही स्वतः बघायच्या खुणाही आहेत. स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासून सुरू होतो का? नसेल तर पाच टक्क्यांचा फरक दुपटीएवढा दिसतो. रेषालेखाला ही सक्ती नाही. गोल चकतीत आठ-दहा तुकडे आहेत का? क्लीव्हलँड आणि मॅकगिल या दोन संशोधकांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं की एकाच पट्टीवरची जागा आणि लांबी माणसाला अचूक ताडता येते, कोन आणि क्षेत्रफळ तितकं नाही. म्हणून चकतीपेक्षा आडवे स्तंभ बहुतेक वेळा बरे, आणि लांब मराठी नावंही त्यांच्याशेजारी सरळ वाचता येतात. त्रिमितीतले फुगवलेले स्तंभ दिसले तर तो अर्ज बाजूला ठेवायला हरकत नाही. फक्त लाल-हिरव्या रंगावर अर्थ सोडलाय का तेही बघा. काही पुरुषांना हे दोन रंग वेगळे ओळखू येत नाहीत, आणि त्यातला एखादा तुमच्या शॉप फ्लोअरवर असू शकतो. रंगाच्या जोडीला खूण किंवा शब्द हवा.

आणि ते पान तुमच्या मोबाइलवर, वायफाय बंद करून, साध्या नेटवर्कवर उघडून बघा.

सातवी पायरी: पैसे देऊन घेतलेली चाचणी

दोन किंवा तीनच उमेदवार इथवर आणा. प्रत्येकाला एका दिवसाचं काम द्या आणि त्याचे पैसे द्या, त्याच्या नेहमीच्या दराने. फुकट चाचणी मागितली की चांगली माणसं येत नाहीत, आणि ते योग्यही नाही.

चाचणीसाठी आपल्याच नोंदींतले तीन महिने घ्या. ग्राहकांची नावं, दर, फोन नंबर काढून टाका. डेटा मुद्दाम साफ करू नका. फाउंड्रीची शीट असेल तर तिच्यात 'ब्लो होल' (कास्टिंगमध्ये राहिलेली हवेची पोकळी) तीन तऱ्हांनी लिहिलेलं असेल, एखाद्या ओळीत शिफ्ट रिकामी असेल, महिन्याच्या मध्ये एकूण बेरजेची ओळ असेल, काही आकडे एक्सेलने मजकूर म्हणून धरलेले असतील. हे सगळं राहू द्या. सोबत एकच प्रश्न द्या: 'रिजेक्शन वाढतंय का, आणि कुठे?'

या प्रश्नात खरी परीक्षा आहे. समजा मार्चमध्ये ४,२०० कास्टिंग (ओतीव नग) ओतली आणि २१० रिजेक्ट झाली. मेमध्ये ऑर्डर कमी होत्या, २,६०० ओतली आणि १८२ रिजेक्ट झाली. नुसत्या रिजेक्ट नगांचा स्तंभ काढला तर तो उतरताना दिसतो, मालकाला बरं वाटतं. ओतलेल्या नगांशी भागलं तर मार्चचं रिजेक्शन ५ टक्के येतं आणि मेचं ७ टक्के. म्हणजे परिस्थिती बिघडली आहे. पहिला चार्ट काढून थांबलेला उमेदवार कितीही सफाईदार कोड लिहीत असला तरी तुमच्या कामाचा नाही. दुसरा काढणारा चांगला. 'नगांवर मोजायचं की वजनावर? मोठा हाउसिंग आणि छोटी फ्लँज एकाच तराजूत धरायची का?' असं विचारणारा सगळ्यात चांगला, कारण धातू आणि वीज किलोवर जाते, नगावर नाही.

त्यानंतर 'कुठे' या प्रश्नाचं उत्तर बघा. कारणांचे आडवे स्तंभ, मोठं कारण वर, लहान खाली, अशी मांडणी पुरते. त्यापुढे जाऊन कोणी शिफ्ट आणि पॅटर्न यांचा तक्ता करून जास्त टक्क्यांचे चौकोन गडद केले आणि 'ब्लो होल रात्रीच्या शिफ्टमध्ये एकाच पॅटर्नवर जास्त दिसतात, पण नग थोडे आहेत, अजून महिनाभर बघावं लागेल' असं लिहून दिलं, तर त्याला जाऊ देऊ नका. थोड्या आकड्यांवरून मोठं विधान न करणं ही या कामातली दुर्मीळ शिस्त आहे.

चाचणीच्या दिवशी उमेदवाराने तुम्हाला किती वेळा विचारलं ते लिहून ठेवा. रिकाम्या शिफ्टचं काय करू, ही बेरजेची ओळ वगळू का, पाच-चार म्हणजे पाच एप्रिल की चार मे. काहीही न विचारता संध्याकाळी चकचकीत पान पाठवणाऱ्याने या सगळ्याची उत्तरं स्वतःच्या मनाने धरली आहेत, आणि तुम्हाला ती कळणारही नाहीत.

आजकाल बराच कोड एआयकडून लिहून घेतला जातो. त्याला बंदी घालण्यात अर्थ नाही. चाचणीनंतर समोर बसवून अर्ध्या तासात एक बदल करायला सांगा: 'महिन्याऐवजी आठवडा धरा, आणि सुट्टीच्या दिवसांची रेषा तोडा.' स्वतःचा कोड समजत असेल तर हे बसल्या जागी होतं.

आठवी पायरी: लिपी, लाख-कोटी आणि पीडीएफ

बाहेरच्या डेव्हलपरला या गोष्टी माहीत असतीलच असं नाही, म्हणून त्या चाचणीत किंवा करारात घाला.

आकडे १२,३४,५६७ असे लाखाच्या पद्धतीने तुटायला हवेत. बहुतेक लायब्रऱ्या न सांगता १,२३४,५६७ असं तोडतात आणि संचालक मंडळात वाचताना गोंधळ होतो. डी-थ्रीत भारतीय पद्धत वेगळी सांगावी लागते. ब्राउझरला भाषा 'मराठी, भारत' अशी दिली की आकडे आपोआप देवनागरीत येतात. 'कन्नड, भारत' दिली तर सहसा इंग्रजी आकडेच राहतात. एकाच पडद्यावर दोन तऱ्हेचे आकडे नको असतील तर कुठले हवेत ते तुम्ही ठरवून सांगा. अक्षावर 'के' आणि 'एम' अशी हजार-दशलक्षाची अक्षरं नकोत, 'हजार' आणि 'लाख' हवं, हेही सांगा.

फॉन्ट नोटो सॅन्स देवनागरी आणि नोटो सॅन्स कन्नड असे जोडीचे घ्या, म्हणजे दोन्ही लिप्यांची जाडी-उंची जुळते. कॅनव्हासवरच्या चार्टमध्ये फॉन्ट उतरण्याआधी चार्ट काढला गेला तर अक्षरं दुसऱ्याच फॉन्टमध्ये उमटतात आणि तशीच राहतात. कन्नड शब्द मराठीपेक्षा रुंद जागा घेतात, त्यामुळे मराठीत नीट बसलेलं लेबल कन्नडमध्ये कापलं जातं. तपासताना दोन्ही भाषांत सगळ्यात लांब नाव टाकून बघा.

आणि पीडीएफ. वार्षिक सभेत छापील अहवाल लागतो, त्यामुळे आपल्याकडे ही गोष्ट हमखास निघते. पडद्यावर सगळं ठीक दिसतं, पीडीएफ काढली की जोडाक्षरं तुटतात आणि वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाते. ब्राउझरमध्ये पीडीएफ बनवणाऱ्या काही लायब्रऱ्यांना, उदाहरणार्थ जेएसपीडीएफला, आपल्या लिप्यांची जोडणी नीट जमत नाही. सर्व्हरवर क्रोम चालवून त्यातून पान छापून घेणं हा भरवशाचा उपाय आहे. चाचणीसाठी एक वाक्य द्या: 'शेतकऱ्यांच्या क्षेत्रनिहाय कर्जवसुलीचा प्रतिज्ञापत्रानुसार गोषवारा'. हे वाक्य पीडीएफमध्ये नीट आलं तर बाकी मराठी येईल. तसंच एक कन्नड वाक्य कन्नड वाचणाऱ्या सहकाऱ्याकडून लिहून घ्या आणि तपासूनही त्याच्याकडूनच घ्या. डाउनलोड होणारी सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडून मराठी नीट दिसतं का तेही बघा. ती यूटीएफ-८ (युनिकोडचीच एक पद्धत) मध्ये, बीओएमसह (फाइलच्या सुरुवातीची ओळखखूण) जतन केलेली असावी.

नववी पायरी: करार आणि पैसे

काम तीन टप्प्यांत तोडा. पहिला टप्पा डेटा एकत्र येऊन बेरजा जुळण्याचा, दुसरा मोबाइलवर चालणाऱ्या दोन चार्टांचा, तिसरा उरलेल्या पडद्यांचा आणि हस्तांतराचा. पहिल्या टप्प्याची कसोटी साधी ठेवा: डॅशबोर्डवरची मार्चची बेरीज टॅलीतल्या मार्चच्या बेरजेशी जुळली पाहिजे, फरक असेल तर त्याचं कारण लेखी हवं. बेरीज जुळल्याशिवाय दुसरा टप्पा सुरू करू नका.

कोडची मालकी कागदावर आणा. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कंपनी असते. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या फ्रीलान्सरचं तसं नाही. लेखी हस्तांतर नसेल तर मालकी सहसा त्याचीच राहते. हस्तांतर लिहितानाही मुदत आणि प्रदेश नमूद करा. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. या दोन ओळी वकिलाकडून एकदा लिहून घेतल्या की पुढच्या प्रत्येक कामाला उपयोगी पडतात.

सभासदांची किंवा ग्राहकांची वैयक्तिक माहिती डेव्हलपरच्या हातात जाणार असेल तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ध्यानात ठेवा. काम करताना नावांऐवजी सांकेतिक क्रमांक द्या. खरा डेटा तुमच्याच सर्व्हरवर राहू द्या, काम संपलं की डेव्हलपरचा प्रवेश बंद करा.

सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. नोंदणी असेल तर कर्नाटकातल्या माणसाच्या बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी येईल, कोल्हापूर किंवा पुण्याच्या माणसाच्या बिलावर आयजीएसटी. टीडीएस किती कापायचा ते पहिलं बिल येण्याआधी तुमच्या सीएंना विचारून ठेवा, मागाहून कापला की वाद होतो.

दहावी पायरी: हातात घेताना

शेवटचा हप्ता देण्याआधी या गोष्टी तुमच्या नावावर असल्याची खात्री करा: डोमेन, सर्व्हरचं खातं, कोडची गिटहब रिपॉझिटरी (कोड जपून ठेवायची ऑनलाइन जागा), डेटाबेसचा बॅकअप आणि तो परत कसा बसवायचा याची नोंद. प्रत्येक चार्टखाली आकडा कुठून आला आणि कसा काढला हे दोन ओळींत लिहिलेलं हवं. 'रिजेक्शन टक्के = रिजेक्ट किलो भागिले ओतलेले किलो, स्रोत हीट रजिस्टर, काल रात्री १० पर्यंत' एवढं पुरतं. सुपरवायझर बदलला तरी वाद होत नाही.

एक दिवस तुमच्या ऑफिसातल्या माणसाने, डेव्हलपर शेजारी बसलेला असताना पण हात न लावता, नव्या महिन्याचा डेटा स्वतः भरून दाखवावा. जिथे अडला ती जागा लगेच दुरुस्त करून घ्यावी.

मग तीन महिन्यांच्या देखभालीचा छोटा करार ठेवा, महिन्याला ठरावीक तास. पहिल्या महिन्यात कोणता पडदा किती वेळा उघडला गेला याची नोंद डेव्हलपरला ठेवायला सांगा. महिनाअखेर ती नोंद घेऊन सुपरवायझरांसोबत बसा. जो चार्ट कोणी उघडला नाही तो काढून टाका, आणि देखभालीचे उरलेले तास सुपरवायझर अजूनही वहीतून हाताने काढतात त्या आकड्यावर लावा.